फुटकळ, किरकोळ आणि इतर

घरात पसारा किती करावा याला निसर्गानंच एक मर्यादा घालून दिली आहे. माळा भरतो, पलंगाखालची जागा संपते, कपाटाचं दार गुडघ्यानं रेटल्याशिवाय लागत नाही, आणि मग एखाद्या रविवारी घरातली गृहिणी पदर खोचून उभी राहते. त्या दिवशी तुटक्या छत्र्या, जोडीदार हरवलेले मोजे, वीस वर्षांपूर्वीचे दिवाळी अंक आणि 'राहू दे, कधीतरी उपयोगी पडेल' या सदरात मोडणारा यच्चयावत ऐवज रद्दीवाल्याच्या तराजूत जाऊन बसतो. यजमान दोन दिवस हळहळतात, पण घर मोकळं होतं.

संगणकाला ही सोय नाही. त्याच्या पोटातली जागा संपतच नाही. मी १९८७ साली बँकेत संगणक शिकलो तेव्हा सव्वापाच इंची फ्लॉपी असे, उडदाच्या पापडासारखी चपटी. तिच्यावर ३६० किलोबाइट मजकूर मावे आणि तेवढ्यात आमच्या शाखेतल्या समस्त नोकरवर्गाचा पगार आरामात बसे. आज माझ्या टेबलावरच्या संगणकात एक टेराबाइटची सोय आहे. हिशेब करण्याची जुनी खोड म्हणून सांगतो, तेवढ्या जागेत तसल्या फ्लॉप्या सुमारे २७ लाख बसतील. ज्या माणसाला २७ लाख फ्लॉप्यांचा माळा मिळाला आहे, तो आवरायला कशाला बसेल? गृहिणीनं पदर खोचावा म्हटलं तर तिला तो पसारा दिसतही नाही. पडद्यावरून फडकं फिरवलं की संगणक स्वच्छ.

त्यातून ज्याला प्रोग्रॅम लिहिण्याचं व्यसन आहे त्याची तर कथाच वेगळी. साध्या माणसाच्या संगणकात असून असून काय असणार? लग्नामुंजीचे फोटो, इन्कमटॅक्सचे कागद, आरत्यांचा संग्रह आणि कुणीतरी पाठवलेले कारल्याच्या रसाचे फायदे. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याच्या डोक्यात मात्र दर आठवड्याला एक कल्पना येते, आणि कल्पना आली की तो पहिलं काम करतो ते नवा फोल्डर काढण्याचं. प्रोग्रॅम लिहिणं ही पुढची गोष्ट. ती बहुधा होत नाही. मुलगी पाहायच्या आधीच कार्यालयाला विसार देऊन मोकळे होणारे काही उत्साही वरबाप असतात, त्यातलाच हा प्रकार. कार्यालयं साठत जातात, लग्नं काही लागत नाहीत.

आमचे चिरंजीव याच धंद्यात आहेत. दिवसभर ते कंपनीसाठी कोड लिहितात आणि रात्री विरंगुळा म्हणून घरी बसून कोड लिहितात. हलवायानं घरी येऊन हौसेनं जिलब्या तळाव्यात तसं. एकदा त्यांच्या खांद्यावरून मी पडद्यावर डोकावलो. 'कोड' नावाचा एक फोल्डर. त्याच्या पोटात 'प्रोजेक्ट्स'. त्याच्या पोटात 'टेस्ट', 'टेस्ट २', 'टेस्ट नवीन', 'टेंप', 'जुनं', 'खूप जुनं', 'डिलीट करू नये' आणि सगळ्यांत शेवटी 'न्यू फोल्डर (७)'.

"यात काय आहे रे?" सातव्यावर बोट ठेवून मी विचारलं.

"उघडून बघावं लागेल, बाबा."

"आणि आधीचे सहा?"

"ते 'खूप जुनं'मध्ये असतील."

"मग 'डिलीट करू नये'मध्ये काय आहे?"

"ते नाही माहीत. पण डिलीट करू नये असं लिहिलंय ना!"

यावर काय बोलणार? आमच्या गावच्या घरी माजघरात कुलूप घातलेली एक ट्रंक होती. तिच्यात काय आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं, पण ती उघडायची नाही हे तीन पिढ्यांना ठाऊक होतं. घराण्याचा वारसा कुठल्या वाटेनं उतरेल सांगता येत नाही.

पुष्कळांचा असा समज असतो की, फोल्डर ही चीज संगणकाबरोबरच जन्माला आली. तसं नाही. १९८१ साली आय.बी.एम.चा पहिला पीसी आला, त्याच्या डॉसमध्ये फोल्डर नव्हतेच. फ्लॉपीवरच्या सगळ्या फायली एका खोलीत, चाळीतल्या बिऱ्हाडासारख्या. तिथेच स्वयंपाक, तिथेच अभ्यास आणि तिथेच मुंबई बघायला आलेले पाहुणे. फ्लॉपी लहान होती तोवर ते निभलं. १९८३ साली १० मेगाबाइटची हार्ड डिस्क पोटात घेऊन पीसी एक्सटी आला, आणि त्याच्यासोबतच्या डॉसच्या दुसऱ्या आवृत्तीत फोल्डरच्या आत फोल्डर काढता येऊ लागले. मोठ्या संगणकांच्या जगात ही कल्पना आधीच येऊन बसली होती. १९६५ साली मल्टिक्स नावाच्या यंत्रणेसाठी डेली आणि न्यूमन या दोघांनी फायलींचं झाड कसं असावं ते रीतसर लिहून काढलं होतं. झाड म्हणजे उलटं झाड, मूळ वर आणि फांद्या खाली. जेवणाआधी गीतेचा पंधरावा अध्याय म्हणणाऱ्या घरात वाढलेल्या माणसाला त्याचं नवल वाटत नाही. तसला अश्वत्थ आम्हाला मुंजीपासून तोंडपाठ होता. त्याच्या फांद्यांना पगारपत्रकं लटकलेली तेवढी नंतर पाहिली.

त्या काळी नाव ठेवण्यालाही शिस्त होती. नाव आठ अक्षरांचं, पुढे टिंब, टिंबापुढे तीन अक्षरं, आणि खेळ खलास. आठ इंग्रजी अक्षरांत 'कर्मचारी भविष्य निर्वाह निधी' कोंबायचा म्हणजे माणसाला आधी दोन मिनिटं विचार करावा लागे. १९९५ साली विंडोज ९५ आलं आणि नावाला २५५ अक्षरांपर्यंत मोकळीक मिळाली. मोकळीक मिळाल्यावर माणूस काय करतो हे आपण इतर क्षेत्रांतही पाहतोच. 'फायनल' जन्माला आलं. त्याच्या पाठीवर 'फायनल २', मग 'फायनल खरं', मग 'फायनल खरं हेच वापरा'; आणि बँकेतल्या एका सहकाऱ्याकडे 'फायनल खरं हेच वापरा जुनं' असंही एक नाव मी या डोळ्यांनी पाहिलं आहे.

गंमत म्हणजे एवढ्या मोकळिकीतही काही नावं वर्ज्य आहेत. विंडोजमध्ये सी-ओ-एन एवढ्याच नावाचा फोल्डर काढून पाहा. निघत नाही. पी-आर-एन, ए-यू-एक्स आणि एन-यू-एल हीही निघत नाहीत. डॉसच्या जमान्यात ही नावं पडदा-कळफलक, प्रिंटर वगैरे मंडळींसाठी राखून ठेवली होती. मालक बदलले, वाडा पाडून इमारत झाली, तरी राखीव खोल्या राखीवच आहेत. काही घराण्यांत एका विशिष्ट पूर्वजाचं नाव मुलाला ठेवत नाहीत. का, म्हणून विचारलं तर "नाही ठेवत" एवढंच उत्तर मिळतं. तसंच हे.

पण नाव ही सोपी बाजू. खरा प्रश्न, लावायचं कशावरून? आमच्या घरातच तीन पंथ आहेत. चिरंजीवांचा पंथ भाषेचा. पायथनमध्ये लिहिलेलं पायथनच्या फोल्डरात, जावामधलं जावाच्या. सूनबाईही त्याच धंद्यातल्या. त्यांचा पंथ मालकाचा. कचेरीचं एकीकडे, स्वतःचं दुसरीकडे, मैत्रिणीच्या दुकानासाठी केलेलं तिसरीकडे. माझा पंथ सालाचा. बँकेत जन्म काढलेल्या माणसाला जगातली प्रत्येक गोष्ट ३१ मार्चला संपते असंच वाटतं. एकदा रात्री जेवणं झाल्यावर यावर परिसंवाद झडला.

"एकाच कामात दोन भाषा वापरल्या तर ते कुठल्या फोल्डरात ठेवशील?" मी चिरंजीवांना खिंडीत गाठलं.

"आणि बाबा, एकच काम दोन वर्षं चाललं तर तुम्ही काय कराल?" सूनबाईंनी मला गाठलं.

"शिल्लक पुढे ओढायची," मी म्हणालो. बँकेतल्या माणसाला याहून दुसरं उत्तर सुचणं शक्य नाही.

ही बडीशेप घेऊन येत होती. म्हणाली, "माझ्या मिसळणाच्या डब्यात हळद आणि मोहरी शेजारी शेजारी आहेत. रंगावरून नाही, आणि कुठल्या दुकानातून आणली त्यावरूनही नाही. फोडणीला दोन्ही एकदम लागतात म्हणून."

परिसंवाद तिथेच संपला. तिघांपैकी कुणालाही हळद-मोहरीवर उत्तर सुचलं नाही.

हाच वाद ग्रंथपालांनी आमच्या कितीतरी आधी घालून ठेवला आहे. एस. आर. रंगनाथन हे मूळचे गणिताचे प्राध्यापक. १९२४ साली ते मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि १९३३ साली त्यांनी आपली कोलन वर्गीकरणाची पद्धत प्रसिद्ध केली. एका पुस्तकाला एकच बाजू नसते. त्यात द्रव्य असतं, क्रिया असते, स्थळ असतं, काळ असतो, हे ओळखून त्यांनी पुस्तकाच्या क्रमांकातच त्या सगळ्या बाजू गुंफल्या. पण क्रमांकात बाजू कितीही आल्या, तरी पुस्तक शेवटी एकाच फळीवर ठेवावं लागतं. फायलीचंही तसंच. तिला घर एकच. 'शॉर्टकट' म्हणून जो काढतात ती नुसती दारावरची पाटी; बिऱ्हाड हललं की पाटी खोटी ठरते.

आणि लावणाऱ्यापेक्षा सोडवणाऱ्याचे हाल जास्त. पुण्याच्या पेशवे दप्तरात जुने कागद कापडात बांधून ठेवलेले आहेत. त्या गाठोड्यांना 'रुमाल' म्हणतात. असे हजारो रुमाल. आपण बांधलेल्या रुमालात काय आहे ते त्या त्या कारकुनाला न उघडता सांगता येत असेल. त्याच्यामागून येणाऱ्याला गाठ सोडून, मोडीत डोकं घालून, एकेक कागद पाहावा लागतो. गोविंद सखाराम सरदेसायांनी त्यातले निवडक कागद १९३० ते १९३४ या काळात छापले, तर त्याचे ४५ खंड झाले. निवडक, बरं का. चिरंजीवांचा 'खूप जुनं' पाहिला की मला पुढच्या शतकातल्या कुणा सरदेसायांची दया येते.

प्रोग्रॅमच्या फोल्डरात आणखी एक भानगड असते. त्यातलं सगळंच काही माणसानं लिहिलेलं नसतं. चिरंजीवांनी एकदा नुसतं घड्याळ दाखवणारा प्रोग्रॅम केला. स्वतःच्या हातच्या ओळी चाळीस. फोल्डरात फायली मात्र हजारांनी. "बाबा, मी तयार मालातलं एकच मागवलं होतं," ते म्हणाले. "त्यानं स्वतःला लागणारी आणली, त्यांनी त्यांना लागणारी आणली." कार्याला एका मामांना आमंत्रण द्यावं आणि मामांनी अख्खी आळी घेऊन यावं, तसं. 'नोड मॉड्यूल्स' या नावाच्या फोल्डरात ही आळी उतरलेली असते. जाणते लोक आळी सांभाळत बसत नाहीत; निमंत्रितांची यादी तेवढी जपतात. यादी असली की एका हुकमात सगळे पुन्हा हजर होतात. याच्या उलट गिटचं. २००५ साली लिनस टोरवाल्ड्स यांनी ते काढलं; कामात केव्हा काय बदललं याची सगळी बखर ते एका लपलेल्या फोल्डरात ठेवतं. तो दिसत नाही, पण पुसला तर कुठल्याही हुकमानं आपोआप पुन्हा तयार होत नाही.

थोडक्यात, एक ज्वारी असते आणि एक भाकरी. माणसानं लिहिलेलं मूळ ती ज्वारी. त्यावरून यंत्र जी चालती फाइल तयार करतं ती भाकरी. पोट भाकरीनं भरतं म्हणून माणसं भाकरी जपतात. पण कणगीत ज्वारी असली तर भाकरी केव्हाही थापता येते. भाकरीवरून पुन्हा ज्वारी करायची विद्या अजून कुणाच्या हाती धड लागलेली नाही.

हे शहाणपण मला पुस्तकातून आलेलं नाही. ते आमच्या साडूंमुळे आलं.

साडू माझ्याहून वयानं मोठे, म्हणून मी त्यांना अण्णा म्हणत असे. तालुक्याच्या गावी पाटबंधारे खात्यात नोकरी, आणि संध्याकाळी तिथल्या सार्वजनिक वाचनालयात विनावेतन उपस्थिती. १९९६ साली त्यांनी त्या वाचनालयासाठी फॉक्सप्रोमध्ये एक प्रोग्रॅम लिहिला. अठरा हजार पुस्तकांची नोंद, सभासदांची देवघेव, वर्गणी, थकबाकी, सगळं त्यात. एक छदाम घेतला नाही. पुढे दर वर्षी सरकारी अनुदानासाठी तपासणी व्हायची, तेव्हा अण्णांचा प्रोग्रॅम पाच मिनिटांत याद्या काढून द्यायचा आणि तपासनीसांना चहा गार व्हायच्या आत उठता यायचं.

अण्णा २०२२ साली गेले. २०२४च्या पावसाळ्यात वाचनालयाच्या जुन्या संगणकानं आचके द्यायला सुरुवात केली. नवा आणला, तर अण्णांचा प्रोग्रॅम त्यावर चालेना. तो डॉसच्या जमान्यातला, सोळा बिटी. आजचे चौसष्ट बिटी विंडोज तसल्या प्रोग्रॅमला दारातच उभं करत नाही. जुन्या यंत्राचं सोंग घेणारी साधनं मिळतात, पण वाचनालयाला आता पुस्तकांची नावं मराठीतही हवी होती. अण्णांनी ती इंग्रजी अक्षरांत भरलेली. म्हणजे भाकरी होती, ज्वारी नव्हती, आणि ज्वारी असलीच तर अण्णांच्या घरच्या संगणकात होती. कार्यकारी मंडळाचा नाहीतर असा विचार चालला होता की, अठरा हजार पुस्तकं पहिल्यापासून पुन्हा भरावीत. भरणार कोण, हा मुद्दा पुढच्या सभेसाठी राखून ठेवला होता.

अक्कांचा, म्हणजे हिच्या थोरल्या बहिणीचा फोन आला. म्हणाल्या, "ह्यांचा संगणक मी रोज पुसते. चालू मात्र केलेला नाही. तुम्ही चिरंजीवांना घेऊन या."

गेलो. अक्कांनी पोहे केले, आणि बटण दाबायच्या वेळी त्या स्वयंपाकघरात निघून गेल्या. चिरंजीवांनी खुर्ची ओढून घेतली. मला वाटलं, आता निघतील सत्तावीस 'फायनल'. पण पडद्यावर एकच फोल्डर होता, 'काम'. त्याच्या पोटात पाच: 'चालू', 'झाले', 'अर्धवट', 'परके' आणि 'फुटकळ'. भाषा मराठी, अक्षरं इंग्रजी, आणि एकही नाव आठ अक्षरांच्या वर नाही. 'अर्धवट' इंग्रजीत लिहिलं की बरोबर आठ भरतात. विंडोज ९५ नं दिलेली २५५ अक्षरं अण्णांनी परत केली होती. "आठ अक्षरांत बसत नाही ते काम नीट ठरलेलंच नसतं," असं ते म्हणायचे. दुसऱ्यांकडून आणलेलं ते 'परके', म्हणजे त्यातलं पुसलं तरी पुन्हा मागून आणता येईल. प्रत्येक फोल्डरात 'वाचा' नावाची एक छोटीशी फाइल.

'चालू'मध्ये वाचनालय सापडलं. आत दोन कप्पे, 'मूळ' आणि 'तयार'. चिरंजीव एवढंच म्हणाले, "काका!" मग त्यांनी 'वाचा' उघडली आणि मोठ्यानं वाचायला सुरुवात केली. अण्णांनी लिहिलं होतं ते साधारण असं:

हा प्रोग्रॅम वाचनालयाचा आहे, माझा नाही. ज्याला समजेल त्यानं बदलावा. 'तयार' पुसलं तरी चालेल, 'मूळ' पुसू नये. पुस्तकांच्या नावांत दीर्घ ईला दोन ई, 'ण'ला मोठा एन आणि 'ळ'ला मोठा एल लावला आहे, कुठेही सवलत घेतलेली नाही. नाहीतर 'काळ' आणि 'काल' एक होतील. दाखल क्रमांकांत एके ठिकाणी तेच आकडे दोनदा पडले आहेत, ते जुन्या वहीतलेच आहेत. सुधारू नयेत, पुस्तकांवर तेच शिक्के आहेत. थकबाकी झाली म्हणून कुणा सभासदाचं नाव यंत्रानं आपोआप काढू नये. आधी घरी जाऊन चौकशी करावी. सभासद क्रमांक २१७ यांना वर्गणी आकारू नये. ती माझ्या नावे टाकावी. कारण विचारू नये.

चिरंजीव वाचता वाचता थांबले. दारात अक्का पोह्यांच्या बशा घेऊन उभ्या होत्या. केव्हापासून, कोण जाणे.

"त्यांचंच अक्षर वाटतंय," अक्का म्हणाल्या. टाइप केलेल्या मजकुराला अक्षर कसलं, हे त्यांना सांगावं असं आम्हा दोघांनाही वाटलं नाही.

अठरा हजार नावं मराठीत आणायचं काम चिरंजीवांनी पुढच्या चार रविवारांत केलं. दोन ई, मोठा एन आणि मोठा एल या तीन ओळींच्या जोरावर यंत्रानंच बहुतेक नावं पालटून दिली. त्या ओळी नसत्या तर अठरा हजार वेळा कपाटापाशी जाऊन पुस्तकाचं तोंड पाहावं लागलं असतं. फॉक्सप्रोतलं 'मूळ' समोर ठेवून त्यांनी सगळं पायथनमध्ये नव्यानं लिहिलं. मला त्यातलं जे कळलं ते असं की, काकांनी अठ्ठावीस वर्षांपूर्वी जे ठरवलं होतं ते तर कळत होतंच, पण का ठरवलं होतं तेही कळत होतं. फोल्डर कितीही शिस्तीत लावला तरी 'का' त्यात मावत नाही. त्यासाठी दहा ओळी लिहून ठेवाव्या लागतात.

अण्णांचा पुतळा उभारायला निघालो आहे असं कृपा करून समजू नका. 'फुटकळ' त्यांच्याकडेही होता. जगात असा कारभार झालेला नाही ज्यात किरकोळ खातं नाही, आणि सगळ्यांत मोठं खातं बहुधा तेच असतं. आत अक्कांच्या लिंबाच्या लोणच्याची कृती होती, दोन अर्धी सोडवलेली शब्दकोडी होती, नातीसाठी पाढ्यांचा एक खेळ होता आणि नाव नसलेल्या पाचपंचवीस फायली होत्या. तिथेही 'वाचा' होती. तिच्यात एकच ओळ: इथे काय काय आहे ते मलाही नक्की आठवत नाही. ती वाचल्यावर मात्र अक्का दिलखुलास हसल्या. पाढ्यांचा खेळ तेराच्या पाढ्यापाशी थांबला होता. पुढे तो चिरंजीवांनी तीसपर्यंत नेला. नात आता पाढ्यांच्या वयाची राहिलेली नाही, पण ते सोडा.

घरी परतल्यावर चिरंजीवांनी उत्साहानं आपला संगणक आवरायला घेतला. सगळी नवी व्यवस्था मांडण्यासाठी त्यांनी प्रथम एक फोल्डर काढला. त्याचं नाव 'न्यू फोल्डर (८)'. तरी फरक पडला आहे. हल्ली त्यांच्या प्रत्येक कामात एक 'वाचा' असते, हळद-मोहरीच्या न्यायानं जे एकदम लागतं ते एकत्र असतं, आणि मामांची आळी महिन्याच्या महिन्याला बाहेर काढली जाते. 'डिलीट करू नये' अजून आहे. तो आम्ही कुणीच उघडलेला नाही. घराण्याची काही परंपरा राहायला हवी.

वाचनालय झकास चाललं आहे. क्रमांक २१७ कोण, हे मी तिथल्या ग्रंथपालांना विचारलं नाही. दर शनिवारी नेमानं पुस्तक बदलून नेतात, एवढं त्यांनी आपण होऊन सांगितलं. नव्या प्रोग्रॅममध्ये ती ओळ चिरंजीवांनी जशीच्या तशी ठेवली आहे, कारण विचारू नये यासकट. वर्गणी ज्याच्या नावे टाकायची ते नाव तेवढं त्यांनी बदललं. कुणाचं घातलं, हे मी विचारलं नव्हतं. परवा पोस्टानं मला वाचनालयाचं बिल आलं, दोन वर्षांच्या थकबाकीसह ९०० रुपयांचं. ही म्हणाली, "हे कसले पैसे?"

मी म्हणालो, "फुटकळ खात्यात टाक."